आपल्या नळाचं गणित

ती. आईस, ओवीचा लांबूनच पाया पडून नमस्कार.

फोनवर सगळं सांगून होत न्हाई, म्हणून लिहितेय. थंडी लय हाय, पर तुझा स्वेटर पुरतो.

इथं ब्रिटनमधल्या वेल्सच्या शाळेत बारावीच्या गणिताचे दोन वर्ग हायत, साधा आणि वरचा. मी वरचा घेतला. आपल्याकडं पायऱ्या नीट मांडल्या, उत्तर बरोबर आलं की मार्क मिळत्यात. इथं कॅल्क्युलेटर देत्यात आणि वर विचारत्यात, काय काय गृहीत धरलंस? पहिल्या परीक्षेत मी ती जागा कोरी सोडली. सर म्हणाले, साध्या वर्गात जा. मी म्हणलं, जाणार न्हाई.

पुढच्या परीक्षेला टाकी भरायचं गणित आलं. उत्तराखाली लिहिलं, "नळाला पाणी एकसारखं येतं असं धरलंय. आमच्या आटपाडीत तसं येत न्हाई." सरांनी ते वर्गाला वाचून दाखवलं. म्हणाले, आता हिच्याच नळाचं गणित मांडू.

तवा तुला काम सांगते. पाणी आलं की घड्याळ घेऊन बस. पहिली घागर भरायला किती वेळ लागला आणि शेवटचीला किती, ते कळव. आता पाणी कवा येतं गं? आणि घागरी तू उचलू नको, दादाला सांग.

सगळा वर्ग तुझ्या उत्तरासाठी थांबलाय.

तुझी, वरच्याच वर्गातली,
ओवी