पाण्याच्या वेळेचे तारे

मोरवा, भाईंदर
५ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. उर्मिलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, फक्त तुझी आई रागावली आहे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन शिबिरात येत्या पंधरा तारखेला ठरलंय आणि मी ते पुढच्या शिबिरावर ढकलतोय. पेपरात आलंय, सतराच्या रात्री उल्कांचा पाऊस पडणार. असा जोर म्हणे तेहतीस वर्षांनीच येतो. मागच्या वेळी कोणी सांगायला नव्हतं, पुढच्या वेळी मी नसेन. मिठागराच्या बांधावर खाट टाकून निवांत बघायचा बेत आहे.

तुझी आई येणार नाही. तुटता तारा दिसला तर कुणाला सांगायचं नाही, गुपचूप घरात यायचं, हा तिच्या माहेरचा नेम. इतक्या वर्षांत तिने मला एकाही ताऱ्याची खबर लागू दिली नाही. ऑपरेशनचं तूच तिला समजाव.

नाशिकच्या थंडीत जपा. बाकी माया आहेच, पत्रागणिक वाढू दे.

तुझा बाबा

नाशिक
९ नोव्हेंबर १९९८

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

समजावते, पण तुम्हालाच. आईचं पत्र तुमच्या आधी पोचलंय. जन्मभर मिठागर सांभाळलेल्या माणसाने दिवाळीत पाहुण्यांच्या चहात साखर समजून मीठ घातलं. आणि वाळत टाकलेल्या धोतराला ‘या, बसा’ म्हणालात. उल्का बघायला आधी डोळा लागतो, बाबा.

थट्टा पुरे. मला भीती वाटतेय. मोतीबिंदू पिकलाय, आता थांबलात तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टर म्हणालेत ना? आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सांगतात, पुढच्या वर्षीही याच दिवसांत उल्का दिसतील. तेव्हा मी येईन, खाटेची एक बाजू माझी. यंदा पट्टी बांधून पडून राहा. हवं तर रुसा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
उर्मिला

मोरवा, भाईंदर
२६ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. उर्मिलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन्ही डोळ्यांवरची पट्टी काल सुटली. ओळी वाकड्या गेल्या तर बोभाटा करू नकोस. तुझं ऐकलं आणि भरपूर रुसलोही.

सतराच्या रात्री शेजारचा राघो माझीच खाट घेऊन बांधावर गेला. चार-दोन तारे आणि सर्दी घेऊन परत आला. मी मात्र पट्टीआडून हसत होतो, कारण माझा पाऊस आदल्या पहाटेच पडून गेला होता. तुझी आई नेहमीसारखी नळाचं पाणी भरायला अंगणात गेली. हंडा भरून वाहतोय, पण ही नळ बंद करेना. मी आतून ओरडलो. तशी आली, हाताला धरून मला ओट्यावर बसवलं आणि सांगायला लागली, “ह्यो खाडीकडं गेला. मोठा हाय. मागचा धूर अजून जात न्हाय.” पाणी जाईपर्यंत ती सांगत होती आणि मला सगळं दिसत होतं.

मग विचारलं, इतकी वर्षं का गप्प राहिलीस? म्हणाली, “तवा तुमाला दिसत व्हतं.”

पुढच्या वर्षी नक्की ये. डोळा आता छान आहे, पण त्या पहाटे मी थोडा वेळ मिटून बसणार आहे. आईला सांगू नकोस.

लोभ होताच, आता नजरही आहे.

तुझा बाबा