पुष्कराजाचे चाळीस दिवस

९ जानेवारी, गुरुवार. पहाटे ५.४०
पुष्कराज धारण केला. कच्च्या दुधात बुडवून, उजव्या हाताच्या तर्जनीत. खडा खालून कातडीला टेकलाय ना, तीनदा बघितलं. रंग पिवळाजर्द. पालघरचे कमलाकांत ज्योतिषी म्हणाले, तुमचा गुरू बिघडलाय, म्हणून बायको सातपाटीला माहेरी जाऊन बसलीय. चाळीस दिवसांत संसार रुळावर. अट एकच, तोवर मासे-मटण बंद.
बरं झालं. नाहीतर मला वाटत होतं, माझंच काही चुकलं. जाताना उन्नती कारण सांगत होती, पण तेव्हा मी मोबाइलवर होतो.

१३ जानेवारी
फोन नाही. खड्याला टाइम लागतो. कंपनीत यादवला अंगठी दाखवली. तो हिंदीत याला पुखराज म्हणतो. त्याच्या गावी एकाची कावीळ म्हणे यानंच बरी झाली. म्हणजे लग्न, धंदा, लिव्हर, सगळ्यावर चालतो. ऑलराउंडर! आमचा ऑपरेटर चिंतू म्हणाला, खडा कशाला, वहिनींना एक फोन करा ना. याला शास्त्रातलं काय कळतंय, कपाळ!

१९ जानेवारी, रविवार
उन्नतीचा फोन!! अकराव्याच दिवशी! पुढच्या रविवारी जेवायला या म्हणाली. बाबांच्या बोटीला पापलेट लागतंय, मी स्वतः करते म्हणाली. आवाज मऊ होता. फोन ठेवून अंगठीला नमस्कार केला.

२६ जानेवारी
सातपाटीला जाऊन आलो. तिनं कालवण केलं होतं, शिवाय एक अख्खं पापलेट तळून माझ्या ताटात. मी ताट सरकवलं. नियम म्हणजे नियम. सासूबाई म्हणाल्या, जावयबापू, कोळ्याच्या घरात म्हावरा नाय खायाचा, तं काय वारा खाणार? उन्नतीनं विचारलं, अंगठी कुणासाठी घातलीय? म्हटलं, तुझ्यासाठीच. म्हणाली, मी समोर बसलेय ना, मग जेवा. तिला नीट समजावलं की अजून बावीस दिवस आहेत, आता नियम मोडला तर सगळं मुसळ केरात. लोणच्याशी भाकरी खाल्ली. तिनं ते पापलेट उचलून आत नेलं. माझ्या कंट्रोलचं कौतुक वाटलं असणार.

४ फेब्रुवारी
फोन उचलत नाही. ज्योतिषी म्हणतात, खडा आधी उलटा फिरतो. चांगलं लक्षण. काल जेवताना मात्र एकदम भरून आलं. पित्त असेल.

१० फेब्रुवारी
मेहुणा निमेश टेम्पो घेऊन आला, उन्नतीचं शिलाई मशीन न्यायला. मीच उचलू लागलो. विचारलं, दुरुस्तीला का रे? म्हणाला, नाय, तायनं दुकानाला गाळा घेतलाय. छंद असावा माणसाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार. चाळिसावा दिवस
सकाळी घर पुसलं, नवी चादर घातली. संध्याकाळी बेल वाजली. उन्नती!
आत आली, पण बसली नाही. कपाटातल्या साड्या काढल्या, घराची किल्ली फ्रिजवर ठेवली. म्हटलं, अगं, आज पुरे झाले चाळीस, उद्यापासून तू करशील ते खाईन. म्हणाली, त्या रविवारी तुमच्याबरोबर निघायचं म्हणून मी बॅग भरून ठेवली होती. एक घास खाल्ला असता तरी आले असते. आता नाय.
गेली. मी खूप रडलो. पित्त नव्हतं.
ती बॅग मला आठवते. सासरच्या दाराशीच होती. चपला घालताना पायात आली, म्हणून मीच बाजूला सारली होती.