तीन खणांची थाळी

फोआ बेट, हापाई
गुरुवार

माझ्या घरातल्या चमच्यापासून डुकरापर्यंत सगळ्यावर ज्याचा हक्क माझ्याहून मोठा, त्या बहिणीच्या लेकाला, सियोसाइयाला, मामा फेलेटीचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत, तुझी बोट आणि तुझ्या आईचे गुडघे ठीक असतील अशी आशा आहे. (आईला मी विचारल्याचं सांगू नकोस. थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांची चौकशी भावानं करणं आपल्या टोंगात शोभत नाही.)

आज पहाटे कानात रॉकेलच्या डब्याचा ठेका वाजला. पासष्ट वर्षांपूर्वी आमचे मास्तर त्या डब्यावर पट्टी मारत आणि आम्ही चाळीस पोरं नारळीखाली बसून पचनाची कविता म्हणत असू:

दातांनी दळा, लाळेत मळा,
घास निघाला उतरून गळा;
जठरात वस्ती प्रहर एक,
पुढे आतड्याची वळणे अनेक.

‘वळणे अनेक’ म्हणताना मास्तरांचे डोळे भरून येत. मोठ्या आतड्याचं कडवं रचण्याआधीच त्यांची बदली झाली. त्यामुळे काव्याच्या अंगानं पाहिलं तर माझा घास अजून लहान आतड्यातच आहे. असो.

तुझी मामेबहीण लाविनिया दवाखान्यात आहाराची नर्स झाली, आणि तिनं मला तीन खणांची थाळी आणली. अर्ध्या थाळीत पालेभाजी आणि पपई, रोगाला आडवी येणारी. एका खणात तारोचा, म्हणजे अळूचा, कंद, ताकदीसाठी, माझ्या मुठीएवढा. (मी मूठ फुगवून दाखवली, तिनं सुतळीनं मापली.) उरलेल्या खणात मासा, अंगाची झीज भरून काढायला, तळहाताएवढा. रविवारचं लू, म्हणजे तारोच्या पानांत नारळाचं दूध घालून भट्टीत शिजवलेलं ते चरबीदार मटण, कुठल्या खणात, असं मी विचारलं.

“शेजाऱ्यांच्या,” ती म्हणाली.

तरी मी सोसलं. पण गेल्या शुक्रवारी तिनं चर्चच्या मांडवात गावाला पचन शिकवायचं ठरवलं. मी तोंड झालो, कारण कविता मलाच येते. पाळकसाहेब जठर झाले; त्याला कोणाची हरकत नव्हती. बावीस फूट काथ्याचा दोर हे लहान आतडं. तो गायनमंडळाच्या सहा बायकांनी वळणं देऊन धरला होता, आणि एक उकडलेला तारो दोराला बांधून हातोहात सरकवायचा होता. आता पासष्ट वर्षांनी म्हणायला मिळालेली कविता घाईनं कशी म्हणणार? दुसरी ओळ मी तीनदा घेतली. जठर जांभया देऊ लागलं.

“फेलेटी, घास सोडा की,” पाळकसाहेब कुजबुजले, “माझं आम्ल वाळलं.”

तेवढ्यात वासावर आलेली माझीच डुकरीण मांडवात शिरली आणि तारो तोंडात धरून लहान आतड्यासकट समुद्राकडे सुटली. तीन बायकांनी दोर सोडला. उरलेल्या तिघी कर्तव्यदक्ष निघाल्या आणि थेट गुडघाभर पाण्यात जाऊन थांबल्या. लाविनियाचा आवाज जराही चढला नाही. “बघितलंत?” ती गावाला म्हणाली, “न चावता गिळलं की आतड्यांचे असे हाल होतात.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी शेवटची ओळ राहूनच गेली.

त्या यशानं ती इतकी चढली, की दोन आठवड्यांनी चर्चची जी मोठी मेजवानी आहे, तिथं मला मानाच्या जागेवर तीच थाळी वाढणार आहे. डावीकडे भाजलेली अख्खी डुकरं, उजवीकडे लूचे ढीग, समोर चारशे माणसं आणि मधोमध मी, पालेभाजी चावत. “आबा, मान जागेला आहे, ताटाला नाही,” ती म्हणते. या बेटावर आजवर असं कोणी म्हटलेलं नाही. मेजवानीत माझ्या बापापुढचं ताट चौघांनी उचलून आणावं लागे, आणि माझं ताट मी एका हातानं धरू शकतो.

पण तुला तक्रार सांगायला हे पत्र नाही. तुम्हा सर्वांना आशीर्वाद. भात कमी खा.

तुझा
मामा फेलेटी

ता. क. पोट हलकं आहे, झोप लागते, जिना चढताना धाप लागत नाही. हे लाविनियाला कळू देऊ नकोस.

ता. क. २. खरी गोष्ट अशी. बहिणीच्या लेकानं मामाच्या घरातली वस्तू मागितली तर ‘नाही’ म्हणायची सोय नाही, मला नाही आणि लाविनियालाही नाही. तू मेजवानीच्या आदल्या दिवशी ये आणि ती थाळी माग. ती मला रोज सकाळी ज्यावर उभं करते, तो वजनकाटाही माग. (डुकरीण मागू नकोस. तिच्यावर माझा राग नाही.)

ता. क. ३. पाकीट चिकटवणार एवढ्यात दार वाजलं. दारात तुझी आई उभी आहे, काठी आणि पेटी घेऊन, महिनाभराच्या तयारीनं. बहीण घरात आली की भावानं त्या खोलीत बसू नये, म्हणून हे मागच्या पायरीवर बसून लिहितो आहे. भावाच्या घरात थोरल्या बहिणीचा शब्द शेवटचा; ती बोलली, की तुझा हक्कही संपला आणि माझाही. आतून लाविनियाचा आवाज येतो आहे: “बरं झालं माझी चिठ्ठी वेळेवर मिळाली, आत्या. आता आबांच्या ताटात काय वाढायचं, ते तुम्हीच सांगा.”