पक्षातली डिस्क

९ सप्टें., मंगळ.
टीव्हीमागच्या डब्यावर लाल दिवा. आत दोन डिस्क, दोन्हींवर सगळं तेच, म्हणून निर्धास्त होते. एक गेली. आता घरचे फोटो आणि बाबांची रेकॉर्डिंगं एकट्या दुसरीवर. बाबा गेल्यापासून आई रोज सकाळी चहासोबत ती लावते, त्यांच्याशी हुज्जत घालते.
नवी डिस्क आणते म्हटलं. आई म्हणाली, पितृपक्ष चालू आहे, नवी वस्तू घरात येणार नाही, घटस्थापनेला आण. वाळूजच्या कंपनीतून येईपर्यंत जीव अर्धा झालेला, वाद घातला नाही.

११ सप्टें., गुरु.
दुकानदाराला फोन. "मॅडम, दोन्ही एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी नेल्या ना? मग दुसरीचा भी भरोसा नाय." ज्या मोबाईलवर बाबांना रेकॉर्ड केलं, तो एक्स्चेंजमध्ये देऊन बसले. मूर्ख मी.
घरातलाच जुना पेनड्राइव्ह लावला. कॉपी सुरू होते, अडकते.

१२, शुक्र.
डबा टिकटिक करतोय. कंपनीत लक्ष नाही. त्यात शुक्रवार, लाइट जायचा वार. ही डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच असं नाही. इन्व्हर्टरनं तारलं.
आईला पुन्हा सांगितलं. ऐकेना. पितरांच्या दिवसांत पितरांचाच आवाज घालवायचा म्हणजे... चिडून जेवले नाही.

१४, रवि. अष्टमी. बाबांची तिथी.
आईनं रेकॉर्डिंग लावलं. बाबा वैजापूर मार्केट यार्डातला कांद्याचा लिलाव रंगवून सांगत होते, मध्येच आवाज तुटला. आई रिमोट दाबत राहिली. मग हळूच म्हणाली, "जा, डिस्क घेऊन ये. त्यांना काय सांगायचं ते मी सांगते."
नैवेद्य झाल्यावर तडक दुकान गाठलं.

१५, सोम.
नवी काल रात्रीच बसवली. जुनीवरचं तिच्यावर उतरतंय, फार हळू, मधूनच थांबतं. पुरं होईल का, देव जाणे. तोवर काही लावायचं नाही, आईला बजावलंय.
सकाळी घर सुनं सुनं. भीती वाटली. मग आईच बोलायला लागली, बाबांच्या हेलात: "ह्यो चहा हाय का काढा?" आणि उत्तरही तिचंच, "प्या मुकाट."
मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तेव्हा लक्षात आलं, आईचं एकही रेकॉर्डिंग आपल्याकडं नाही. कुठल्याच डिस्कवर नाही.
काय करतेस, तिनं विचारलं.
काही नाही, म्हटलं. तू बोल.