पाठीवरचा गरुड

दादा,

तू मोटारसायकलवाल्यांची ती टोळी सोडलीस, म्हणून काल भरदुपारी त्यांचा म्होरक्या दोघांना घेऊन माझ्या भरतकामाच्या दुकानात आला. तू माझ्याकडे ठेवलेल्या जॅकेटच्या पाठीवरचा टोळीचा गरुड त्याला परत हवा होता.

"तो मी भरलाय," मी म्हटलं, "देणार नाही."

त्याने केस धरून माझं तोंड मशीनवर आपटलं. दोघांनी जॅकेट शोधून गरुड टराटरा उसवला. मग म्होरक्याने माझा डावा हात सुईखाली दाबला. "भाऊ कुठे लपलाय?"

मी सांगेना, तशी त्याने मशीन चालू केली. सुई बोटातून आरपार गेली. उजव्या हाताला कात्री लागली, ती मी त्याच्या मांडीत पार आत खुपसली. गुरासारखा ओरडला मेला! दोघांनी त्याला उचलून नेलं.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर तडक निघून येशील, आणि त्यांना तेच हवंय. वहिनीला फोनवर सांगितलं, जिन्यावरून पडले. मागून तू हसत म्हणालास, "वेंधळी ती वेंधळीच!"

बोटाला टाके घालताना मी रडले नव्हते. तुझं हसणं ऐकून मात्र रडू फुटलं.

तुझी धाकटी