एका हाताचे शॉर्टकट

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. पत्र आईकडे देतेय. तू वाचून होईपर्यंत ती समोरून हलणार नाही, तेव्हा निमूटपणे वाच.

अपघातानंतर डावा हात उठत नाही, आता कोड लिहिणं संपलं, असं तू जाहीर करून टाकलंस. मला राग आला होता, खूप. मग ऑफिसात एक दिवस डावा हात पट्ट्याने खुर्चीला बांधला आणि आपली कंपनी बनवते त्याच कोड लिहायच्या एडिटरमध्ये काम करायला बसले. अरे, काय सांगू! कंट्रोल, शिफ्ट आणि वरचं एखादं अक्षर एकदम दाबताना बोटांची नुसती मारामारी. फाइल सेव्ह करायला गेले तर अख्खा एडिटरच बंद. शेजारचा टेस्टर खो-खो हसला, आणि मग स्वतःचाही हात बांधून बसला.

ठरवलं, बटणं एकदम नाही, एकामागून एक दाबायची. आधी कंट्रोल, ते सोडायचं, मग अक्षर. तसे नवे शॉर्टकट भरले, तर एडिटरने सगळे नाकारले. कोणता शॉर्टकट चालेल, कोणता नाही हे तपासणारा कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. नियम कोणाचा? तुझाच! बटणं एकत्र दाबलेली नसतील तर शॉर्टकट बाद. दोन्ही हात धडधाकट होते तेव्हा लिहिलास ना, शहाण्या?

तर तो नियम मी बदललाय. साहेब म्हणाले, एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला. म्हटलं, भाऊ मला एकच आहे. टेस्टरने एकेक शॉर्टकट उजव्या हाताने दाबून पाहिला. दोन ठिकाणी टक्कर निघाली, एकच शॉर्टकट दोन कामांना, तीही निस्तरली. मध्ये एकदा रडले, खोटं कशाला बोलू. पण सोडलं नाही.

आता मुद्द्याचं. आई म्हणाली, तू विकायला काढलेला कॉम्प्युटर न्यायला उद्या कोणी येणार आहे. त्याला दारातूनच परत पाठव. तो कोड अजून तुझ्या नावावर आहे. तू तपासून मंजुरी दिल्याशिवाय माझा बदल आत जात नाही. साहेब म्हणाले, मीच देतो मंजुरी. मी नको म्हटलं. तू चुका काढ, हवं तेवढं बोल, पण माझा बदल आधी तुझ्या कॉम्प्युटरवर उतरवून नवे शॉर्टकट लाव आणि उजव्या हाताने मंजुरी दे. पत्र देऊन मी ऑफिसात जाऊन बसतेय, आणि तोवर उठणार नाहीये.

तुझीच हट्टी,
धाकटी