एका दमातलं वाक्य

४ मार्च
घोर अन्याय! घरातल्या झाडून सगळ्या उशा हिच्या पाठीमागे गेल्या. माझ्या मानेखाली संस्कृत शब्दकोश. 'इतकी वर्षं डोक्यात होता, आता डोक्याखाली घ्या' — इति पत्नी. आजारपणातही जीभ ठणठणीत!

हिला घेऊन दवाखान्यात जाऊन आलो. विषाणू केव्हाच गेला म्हणे. पण त्याच्याशी लढायला आलेल्या पेशी फुफ्फुसातून हलायला तयार नाहीत. त्या तिथे धुमसत राहिल्या तर नवं अस्तर धड तयार होत नाही, नव्या पेशी अर्ध्यावरच अडतात, आणि शेवटी व्रण उरतो. 'सगळ्यांना हाकलूनही चालत नाही,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'पडझड उपसणाऱ्याही त्यांच्यातच असतात.' म्हणून गोळ्या. त्यांना शांत करायचं — पण बेतानं.

६ मार्च
ताईचा फोन. 'तिची प्रतिकारशक्ती वाढव रे!' म्हटलं, ताई, सध्या तीच जरा जास्त झालीय. 'तुझं आपलं काहीतरीच!' — ठेवला फोन.

९ मार्च
माझी प्रत्येक बातमी कचेरीत जाण्याआधी ही मोठ्यानं वाचते. लग्नापासूनचा शिरस्ता. माझं पाच ओळींचं वाक्य एका दमात संपवून वर विचारायची, 'क्रियापद गावाला गेलंय का?' आज दुसऱ्याच ओळीत थांबली. पुन्हा थांबली. पाणी मागितलं. घोटभरही प्यायली नाही.

१० मार्च
वाक्यं तोडायला लागलोय.

१५ मार्च
संपादक खूश! 'आता कुठे माणसासारखं लिहायला लागलात.' हीसुद्धा खूश — अख्खं वाक्य एका दमात! 'बघा!' म्हणाली. बघितलं. न्हाणीघरातून आली की अजून खाटेची कड धरून उभी राहते, तेही बघितलं.

१९ मार्च
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'दम कसा आहे?' ही उत्साहात: 'यांची बातमी एका दमात वाचते आता! परवापरवापर्यंत दोन-तीनदा अडत होते.' बाई हसल्या. छातीच्या फोटोत फारसा फरक नाही म्हणाल्या, पण तुम्हाला बरं वाटतंय ना, मग गोळ्या भराभर कमी करू.

मी फायलीचा कोपरा दुमडत बसलो. हिचा चेहरा इतका उजळला होता — तोंडच उघडेना.

२० मार्च
सकाळीच डॉक्टरीणबाईंना फोन केला. सांगून टाकलं: दम वाढला नाही, वाक्यं छोटी झालीत. बाई म्हणाल्या, 'गोळ्या होत्या तेवढ्याच ठेवा. उद्या तपासायला घेऊन या. आणि त्यांना तुम्हीच सांगा.'

सांगितलं. वाटलं, रागावेल. हळूच म्हणाली, 'म्हणजे मी आहे तिथेच आहे?'

मी खिडकी लावायला उठलो. लावलेलीच होती.

२१ मार्च
वाक्यं हिच्यासाठी तोडली नव्हती. हिचं थांबणं मला ऐकवत नव्हतं. ही बरी होणार नाही, अशी मला भीती वाटते.